घाट उतरल्यावर ब्रेक पेडल खाली जातं, मुंबईत पोचलं की पुन्हा ठीक : तीनदा आलेला दोष आणि त्याचं कारण

खालापूरच्या टोलनाक्यावर पुढची गाडी थांबली म्हणून मी ब्रेक दाबला आणि पाय नेहमीच्या जागी अडलाच नाही. पेडल पार तळाला टेकलं नाही, पण रोज जिथे ते घट्ट लागतं तिथून चांगलं तीन बोटं खाली गेलं, तेही लोण्यात सुरी गेल्यासारखं. गाडी थांबली ती पुढच्या बंपरपासून हातभर अंतरावर. मागच्या सीटवर आई झोपली होती, तिला काही कळलं नाही. बायकोला कळलं, कारण माझा डावा हात हॅन्डब्रेकवर गेलेला तिने पाहिला.

साताऱ्याहून बोरघाट उतरून मुलुंडला परत येत होतो. पनवेल येईपर्यंत पेडल बरंच वर आलं. ऐरोलीच्या पुलावर तर वाटायला लागलं की आपल्यालाच भास झाला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीतून गाडी काढली तर ब्रेक अगदी नव्यासारखे. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "साहेब, काहीच नाही. थोडी एअर असेल, काढून देतो." पुढच्या डाव्या चाकाची एअर काढली, पैसे घेतले, विषय संपला.

चार महिन्यांनी तेच. या वेळी दुसरं गॅरेज. तिथे पुढचे पॅड, म्हणजे चाकाच्या डिस्कला चिमटणारे तुकडे, बदलून दिले. जुने पॅड मला दाखवले तेव्हा त्यांत अजून निम्मा जीव होता, पण घाबरलेला माणूस नाही म्हणत नाही. मग मे महिन्यात, गाडीत पाच माणसं आणि डिकीत आंब्याच्या दोन पेट्या असताना तिसऱ्यांदा. आता मला मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणारा मुख्य भाग) बदलायला सांगण्यात आलं आणि खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच परत आणली.

हे सगळं लिहितोय कारण त्यानंतर ज्यांनी दोष पकडला, त्या भांडुपच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी तीनच प्रश्न विचारले होते. आधीच्या दोन्ही ठिकाणी ते कोणी विचारले नव्हते, आणि मलाही ते स्वतःहून सांगायचं सुचलं नव्हतं. पहिला प्रश्न: घाट उतरून आल्यावरच होतं का? दुसरा: गाडी थंड झाली की आपोआप सुटतं का? तिसरा: ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?

पहिल्या दोन्ही प्रश्नांना मी हो म्हणालो. तिसऱ्यासाठी मोबाइलमधली सगळी बिलं काढली. गाडी सहा वर्षांची. तीन बिलांवर "ब्रेक ऑइल टॉप-अप" लिहिलेलं होतं. "बदललं" असं एकाही बिलावर नव्हतं.

मिस्त्रीकाकांनी मागच्या चाकाच्या निपलला (ऑइल काढायच्या तोटीला) पारदर्शक नळी लावून थोडं ऑइल बाटलीत उतरवलं. नवं ब्रेक ऑइल फिकट पिवळसर असतं. माझ्या गाडीतून आलं ते दोनदा उकळलेल्या चहासारखं. "यात पाणी आहे," ते म्हणाले. "घाटात हे उकळतं. इथे माझ्या दारात येईपर्यंत थंड होतं. मग कोणाला काय सापडणार?"

ऑइलमध्ये पाणी येतं कुठून

आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते खरं तर तेल नाही. बहुतेक मोटारींत भरलेलं डॉट ३ किंवा डॉट ४ (हे त्याचे ठरलेले दर्जे) हे ग्लायकॉल प्रकारातलं द्रव असतं आणि ते हवेतला ओलावा शोषून घेतं. रबरी होजच्या भिंतींतून, टाकीच्या झाकणातल्या बारीक छिद्रातून, झाकण उघडलं की सरळ हवेतून, जसा मिळेल तसा. जूनपासून चार महिने ज्या शहरात डब्यातले पापड सादळतात आणि कपाटातल्या चपलांना बुरशी धरते, तिथे या द्रवाचं काय होत असेल हे वेगळं सांगायला नको.

आता आकडे. डॉट ३ ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. डॉट ४ चा २३०. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की मानकानुसार हीच किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. शंभर भागांत चार भागांपेक्षाही कमी पाणी, आणि पासष्ट ते पाऊणशे अंशांची घसरण. दुसरीकडे लांब उतारावर सतत ब्रेक लावत आलं तर पुढच्या डिस्क तीनशे-चारशे अंशांपर्यंत तापू शकतात. ती उष्णता पॅडमधून कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या) पिस्टनपर्यंत आणि पिस्टनमागच्या द्रवापर्यंत जाते.

द्रव दाबला जात नाही, म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. कॅलिपरमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की तुमच्या पायाचा निम्मा प्रवास ते बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो आणि पेडल खाली जातं. द्रव थंड झाला की वाफेचं पुन्हा पाणी होतं, पेडल वर येतं आणि गॅरेजमध्ये गाडी निर्दोष ठरते.

टोलनाक्यावरच का झालं, हेही मला त्या दिवशी कळलं. गाडी घाटात धावत असते तेव्हा डिस्कला वारा लागत असतो. खाली येऊन थांबलो की वारा बंद, पण डिस्कमधली उष्णता तिथेच. ती आता आत, द्रवाकडे सरकते. म्हणून घाटात ब्रेक ठीक वाटतात आणि खाली रांगेत उभं राहिल्यावर, किंवा फूड मॉलवर चहा पिऊन निघताना पहिल्याच दाबाला पेडल बुडतं. ज्यांना हा अनुभव "चहा पिऊन निघालो आणि अचानक" असा आला असेल, त्यांनी पहिला संशय जुन्या ब्रेक ऑइलवर घ्यावा.

टॉप-अपबद्दल माझा राग अजून गेलेला नाही. टाकीतली पातळी खाली जाण्याची कारणं दोनच: पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतात आणि जास्त द्रव कॅलिपरमध्ये राहतो, किंवा कुठेतरी गळती आहे. दोन्ही वेळी वरून ऑइल ओतून पातळी भरणं म्हणजे खूण पुसणं. शिवाय चाकाजवळचं जुनं, पाणी प्यालेलं ऑइल जिथल्या तिथेच राहतं, कारण टाकीतलं नवं ऑइल आपोआप तिथपर्यंत फिरून जात नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवाही ऑइलची फक्त पातळी पाहतो. ऑइलमध्ये पाणी किती आहे हे त्याला कळत नाही. माझा दिवा तिन्ही वेळा बंद होता.

पेडल काय सांगतंय ते आधी ओळखा

"ब्रेक लागत नाही" एवढंच सांगितलं तर मेकॅनिक अंदाजाने पार्ट बदलतो. पेडल नेमकं कसं वागतं ते सांगितलं तर निम्मं काम होतं.

पेडल मऊ, स्पंजसारखं, पण फक्त तापल्यावर: ऑइल उकळतंय. हीच माझी केस.

पेडल मऊ, आणि सकाळी थंड गाडीतही तसंच: नळ्यांत हवा आहे, किंवा रबरी होज जुना होऊन फुगतोय. अलीकडे पॅड किंवा कॅलिपरचं काम झालं असेल तर हवा राहिली असण्याची शक्यता मोठी.

पेडल घट्ट आहे, पाय पूर्ण ताकदीने दाबलाय, जळका वास येतोय आणि गाडी मात्र थांबत नाही: हा वेगळा प्रकार. यात ऑइल ठीक आहे, पॅड इतके तापलेत की त्यांची पकड गेली आहे. कारण तेच, घाटात सतत लावलेला ब्रेक, पण इथे ऑइल बदलून उपयोग नाही. गाडी थंड होऊ द्यायची, आणि पॅड काचेसारखे गुळगुळीत झालेत का ते खाली काढून पाहायचं.

पेडल पहिल्या दाबापासून दगडासारखं कडक, थंड गाडीतही: बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) तपासा. घरच्या घरी होतं. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली सरकलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय. जागचं हललं नाही तर बूस्टर किंवा त्याचा होज गेलाय. डिझेल गाडीत व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप असतो, तोही पाहायला सांगा.

सिग्नलला पाय एकसारखा दाबून उभे आहात आणि पेडल हळूहळू, न थांबता तळाकडे जातंय: गाडी चालवू नका. बाहेर कुठे ओल दिसत असेल तर गळती, दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरची आतली सील. मला मास्टर सिलिंडर बदलायला सांगितला तेव्हा ही साधी परीक्षा कोणी केली नव्हती. काकांनी केली. अर्धा मिनिट पाय दाबून ठेवायला लावला. पेडल हललं नाही. "सिलिंडर चांगलाय," एवढंच म्हणाले.

आणि एक, ज्याला लोक उगाच दोष समजतात. पावसात जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली पेडल थरथरतं, खालून घरघर आवाज येतो. ते एबीएस आहे, जोरात ब्रेक लागला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, ती तिचं काम करतेय. भारतात १ एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं आहे. थरथर जाणवली की घाबरून पाय सोडू नका, पेडल पंपही करू नका. दाबून ठेवा आणि स्टीअरिंग वळवा. चाकं लॉक होत नाहीत म्हणून गाडी वळते, एबीएस असतं ते त्यासाठीच.

गाडी एका बाजूला ओढणं, एकाच चाकाचा रिम तापणं, ही बहुतेक वेळा कॅलिपरची पिन गंजून जाम झाल्याची लक्षणं. वरळी, वर्सोवा भागात उघड्यावर गाडी लावणाऱ्यांनी सर्व्हिसिंगला या पिना काढून, साफ करून, त्यांचंच खास ग्रीस लावून घ्यावं. खारी हवा लोखंडाला सोडत नाही.

ऑइल बदलून घेताना उभे राहा

घरी करण्याचं हे काम नाही. एबीएसच्या काही गाड्यांत तर स्कॅनर लावल्याशिवाय आतलं जुनं ऑइल पूर्ण निघत नाही. पण गॅरेजमध्ये समोर उभं राहता येतं, आणि राहावं.

बाटली तुमच्यासमोर सील तोडून उघडलेली हवी. अर्धी वापरून महिनाभर कपाटात ठेवलेल्या बाटलीने पाणी आधीच पिऊन ठेवलेलं असतं. टाकीच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच वापरा. डॉट ३ च्या जागी डॉट ४ सहसा चालतं, उलट करू नका. डॉट ५ मात्र नावाने पुढचं वाटलं तरी सिलिकॉनचं असतं, ते या दोघांत मिसळायचं नाही. डॉट ५.१ वेगळं, ते ग्लायकॉलच. हे नाव ठेवणाऱ्यांनी लोकांची मोठी गैरसोय केली आहे. इंजिन ऑइल किंवा स्टीअरिंग ऑइल चुकून ब्रेकच्या टाकीत गेलं तर सगळी रबरी सील फुगतात आणि खर्च ऑइलपुरता राहत नाही.

चारही चाकांच्या निपलमधून स्वच्छ, नव्या रंगाचं ऑइल येईपर्यंत जुनं काढलं पाहिजे. एका चाकाची "एअर काढून दिली" म्हणजे ऑइल बदललं नाही. माझी पहिली फसगत इथेच झाली. छोट्या मोटारीला अर्धा ते एक लिटर लागतं, आणि बाटली काही शे रुपयांची. मला सांगितलेल्या मास्टर सिलिंडरच्या खर्चापुढे ही रक्कम किती लहान होती, ते मी बायकोला दोनदा सांगितलं. काम झाल्यावर बॉनेटवर, मडगार्डवर सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवायला लावा. ते रंग खातं.

दर दोन वर्षांनी. किलोमीटर कितीही कमी झाले असले तरी. पाणी शोषण्याचा आणि गाडी चालण्याचा संबंध नाही. पावसाळाभर शेडखाली उभ्या असलेल्या गाडीतही ते चालूच असतं. गाडीच्या पुस्तिकेत याहून कमी मुदत दिली असेल तर ती पाळा.

पण अर्धा दोष माझ्या पायाचा होता

काकांनी ऑइल बदललं, बिल दिलं आणि मग विचारलं, "घाट कोणत्या गिअरमध्ये उतरता?" मी खरं सांगितलं. पाचव्यात, आणि कधी मोकळा उतार दिसला की न्यूट्रलमध्ये. ते काही बोलले नाहीत. पाना पुसत बसले. मग म्हणाले, "गाडीत म्हातारं माणूस असतं ना तुमच्या?"

घरी येऊन मी हिशेब मांडला. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या थोडं वर आहे आणि खोपोली शंभरच्या आत. म्हणजे घाट उतरताना गाडी पाचशे मीटरहून जास्त उंची गमावते. ही सगळी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ८० किमी वेगाने धावणारी गाडी पूर्ण थांबवताना ब्रेक जेवढी उष्णता गिळतात, त्याच्या जवळपास २० पट ऊर्जा ५०० मीटर उतरण्यात असते. गाडीचं वजन कितीही असो, हे प्रमाण तेच राहतं, कारण वजन दोन्हीकडे सारखंच येतं. थोडा भाग वारा आणि टायर खातात. उरलेलं एकतर इंजिन घेतं नाहीतर ब्रेक. न्यूट्रलमध्ये इंजिनचा वाटा शून्य. वीस वेळा ८० वरून गाडी थांबवायची, तीही एकामागून एक, आणि मग टोलनाक्यावर उभं राहून विचारायचं की पेडल खाली का गेलं.

न्यूट्रलने पेट्रोल वाचतं, असं मी वडिलांकडून ऐकलं होतं. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात तथ्य असेल. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंधनाचा फवारा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे मी ब्रेकही जाळत होतो आणि पेट्रोलही.

आता उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घेतो. ज्या गिअरमध्ये हा चढ चढलो असतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं. माझ्या गाडीत बोरघाटात तो तिसरा असतो, वळणावर कधी दुसरा. इंजिनचा आवाज वाढतो. पहिल्या वेळी बायकोने विचारलं, गाडीला काही होत नाही ना? काही होत नाही, टॅकोमीटरचा (इंजिनचे फेरे दाखवणारा) काटा लाल पट्टीच्या खूप खाली असतो. ब्रेक लावायचाच तर वेग नको इतका वाढल्यावर एकदा नीट दाबतो, वेग पंधरा-वीसने कमी झाला की पाय पूर्ण उचलतो. हलका पाय सतत ठेवून उतरणं सर्वांत वाईट, कारण डिस्कला श्वास घ्यायला एक क्षणही मिळत नाही. आणि मागून येणाऱ्याला आपला ब्रेक लाइट कायम पेटलेला दिसतो, म्हणजे खरोखर थांबतोय तेव्हा त्याला वेगळं काहीच कळत नाही.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर लिव्हर नुसती डी वर ठेवून उतरू नका. एल (लो, म्हणजे खालचा गिअर) असेल तर एल, मॅन्युअल मोड असेल तर हाताने गिअर खाली. अंधेरी-घाटकोपरच्या ट्रॅफिकमध्ये त्या मोडला कधी हात लागत नाही, त्यामुळे गाडी घेऊन तीन-तीन वर्षं झाली तरी तो कुठे आहे हे माहीत नसलेले लोक मी पाहिलेत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या एकदा शोधून ठेवा. कसाऱ्याच्या वळणावर शोधण्याची ती गोष्ट नाही.

खाली आल्यावर ब्रेक तापल्याची शंका असेल तर लगेच थांबू नका. रस्ता मोकळा असेल तर दोन-चार किलोमीटर हळू, ब्रेक कमीत कमी वापरत चालवा म्हणजे वारा लागेल. थांबलात तर सपाट जागेवर गिअरमध्ये ठेवा, हॅन्डब्रेक करकचून ओढू नका, आणि चाकांवर पाणी कधीही ओतू नका. लोक बाटली काढून डिस्कवर ओततात, फस्स आवाज येतो, त्यांना बरं वाटतं. तापलेलं बिड अचानक थंड केलं की वाकतं किंवा त्याला तडा जातो. मग पुढे हायवेवर ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरायला लागतं.

पेडल खरंच तळाला गेलं तर

हे वाचून गाडीत एकदा मनातल्या मनात करून बघा, कारण त्या क्षणी आठवायला वेळ नसतो.

पेडल भराभर पंप करा. वाफ असेल किंवा हवा असेल, तीन-चार दाबांत बऱ्याचदा थोडा दाब तयार होतो. त्याच वेळी गिअर एकेक करून खाली, पाचव्यातून थेट पहिल्यात नाही. हॉर्न आणि चारही इंडिकेटर. हॅन्डब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा आणि गरज पडली तर सोडा. झटक्यात ओढलात तर मागची चाकं लॉक होऊन गाडी गिरकी घेते. बटणाचा इलेक्ट्रिक हॅन्डब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत बटण धरून ठेवलं की गाडी ताब्यात राहून थांबते. पुस्तिकेत तो परिच्छेद शोधून आजच वाचा. इंजिन बंद करू नका: बूस्टर जातो, स्टीअरिंग जड होतं, आणि चावी पूर्ण फिरवली तर स्टीअरिंग लॉकही होऊ शकतं. न्यूट्रल करू नका.

आजच्या जवळपास सगळ्या मोटारींत ब्रेकची दोन वेगळी सर्किट असतात, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत बहुधा तिरपी: पुढचं डावं आणि मागचं उजवं एक, उरलेली दोन दुसरी. एका सर्किटची नळी फुटली तरी दुसरी राहते. पेडल खूप खाली जातं पण तिथे काहीतरी लागतं. म्हणून पेडल बुडालं तरी पाय काढून घेऊ नका, शेवटपर्यंत दाबा.

एक साधी गोष्ट ऑइलइतकीच महत्त्वाची. ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली ठेवू नका. उतारावर ती घरंगळत पेडलखाली जाते आणि मग कितीही ताजं ऑइल असलं तरी पेडल दाबलं जात नाही. जाड मॅट टाकली असेल तर पेडल पूर्ण खाली जातं का, तिची कड वर येते का, हे हाताने दाबून पाहा.

पावसाळ्यापुरतं

रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी काढताना पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येते. डिस्कवर आलेला तो पातळ गंज, पॅडने लगेच पुसला जातो. त्यासाठी गॅरेज गाठू नका. मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांचं जरा वेगळं आहे. ओल्या ड्रमवर हॅन्डब्रेक ओढून आठवडाभर गाडी उभी केली की लायनर (आतले घासणारे पट्टे) ड्रमला चिकटतात, आणि गावाहून आल्यावर गाडी जागची हलत नाही. सपाट पार्किंगमध्ये पहिला गिअर टाकून चाकाला विटेचा तुकडा लावणं बरं. उतारावर मात्र हॅन्डब्रेक, गिअर आणि वीट, तिन्ही.

हिंदमाता, मिलन सबवे किंवा अशा कोणत्याही तुंबलेल्या पाण्यातून बाहेर आलात तर पुढे वेग घेण्याआधी मागे कोणी नाही पाहून, हळू चालवत, पेडलवर हलका पाय ठेवून थोडं अंतर जा. पाणी घासून सुकतं. ड्रममध्ये शिरलेलं पाणी सुकायला जास्त वेळ लागतो. मग एकदा नीट ब्रेक दाबून खात्री करा.

अंतराचा अंदाज यावा म्हणून: ६० किमी वेगात पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला तर तेवढ्यात गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला साधारण २० मीटर, ओल्या गुळगुळीत रस्त्यावर ३५ किंवा जास्त. जूनच्या पहिल्या सरीत, रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर आलेली असताना, त्याहूनही जास्त धरून चाला. टायर गुळगुळीत असतील तर ब्रेक कितीही चांगले असून भागत नाही, कारण गाडी शेवटी टायरच थांबवतो.

ऑइल बदलल्यापासून आम्ही घाट चार वेळा उतरलो, त्यांतला एकदा भर मे महिन्यात, पुन्हा पाच माणसं आणि आंबे घेऊन. खालापूरला रांगेत प्रत्येक वेळी मी मुद्दाम पेडल दाबून पाहिलं. नेहमीच्या जागी अडलं. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर काकांनी पांढऱ्या मार्करने महिना आणि वर्ष लिहून दिलंय. त्याखाली मी पुढच्या वेळेचा महिना लिहिला, दोन वर्षं पुढचा, आणि आईच्या कॅलेंडरवरही, कारण तिथे लिहिलेलं आमच्या घरात कोणी विसरत नाही.